पदरी रक्कम नसताना पहिले घर

प्रश्न : लालबागच्या चाळीत आम्ही भाड्याने राहतो, मुलगी मोरीच्या कट्ट्यावर वही ठेवून अभ्यास करते. दोघांची मिळून मासिक मिळकत 40,000 रुपये आहे, शिल्लक काहीच नाही. घर होईल का?

उत्तर : ताई, होईल, पण संपूर्ण किमतीचे कर्ज कोणतीही बँक देणार नाही. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळू शकते, त्यामुळे 25 लाखांच्या घरासाठी अडीच लाख रुपये स्वतःचे लागतील आणि मुंबईत 6 टक्के मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च त्यावर वेगळा येईल. घर केवळ आपल्या, म्हणजे महिलेच्या, नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. उरलेल्या साडेबावीस लाखांचा हप्ता, साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी, साधारण साडेएकोणीस हजार होतो. म्हणजे निम्मा पगार, आणि तो मला जड वाटतो.

म्हणून आधी म्हाडाच्या सोडतीत अत्यल्प उत्पन्न गटातून अर्ज करा. वार्षिक 6 लाखांच्या मर्यादेत आपण बसता, आणि घर न लागल्यास अनामत रक्कम परत मिळते. भविष्य निर्वाह निधीतूनही घरासाठी पैसे काढता येतात. मात्र हातउसने किंवा वैयक्तिक कर्ज काढून सुरुवातीची रक्कम मुळीच उभी करू नका.