पंख्याची शिट्टी कुठून येते?

प्रश्न : आमच्या यंत्रमागाच्या शेडमधील एक्झॉस्ट पंख्याला चार मिलिमीटर जाड पत्र्याची नवी पाती बसवल्यापासून तो बारीक शिट्टी वाजवतो. पात्यांची पुढची कड गोल करून घेतली, तरी फरक पडला नाही. असे का व्हावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोष पुढच्या कडेत नसून, जिथून हवा पाते सोडते त्या मागच्या कडेत असावा. कड बोथट असली की दोन्ही बाजूंनी येणारी हवा तिच्यामागे नीट मिळत नाही आणि एकदा वरून, एकदा खालून असे भोवरे आळीपाळीने सुटतात. भीमेला पाणी असताना पुलाच्या खांबांमागे हेच दिसते. प्रत्येक भोवरा सुटताना कडेवरील दाबाची बाजू पालटते आणि हे उलटसुलट बल हवेत ध्वनी म्हणून पसरते. त्यासाठी पाते स्वतः थरथरण्याचीही गरज नसते.

वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारांचा अभ्यास करून भौतिकशास्त्रज्ञ स्ट्रूहाल यांनी १८७८ मध्ये दाखवले, की स्वर तारेच्या लांबीवर वा ताणावर नव्हे, तर वाऱ्याच्या वेगावर आणि तारेच्या जाडीवर ठरतो. वेगाला जाडीने भागून सुमारे ०.२ ने गुणले की वारंवारता मिळते. बोथट कडेसाठी हा गुणक थोडा बदलतो, पण अंदाजाला पुरतो. तुमचा पंखा ६०० मिलिमीटर व्यासाचा आणि मिनिटाला १४०० फेऱ्यांचा धरला, तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ४४ मीटर येतो आणि वारंवारता सुमारे २२०० हर्ट्‌झ, म्हणजे कानाला टोचणारी शिट्टीच. चार पाती असतील, तर ती फिरल्यामुळे होणारी घरघर मात्र ९३ हर्ट्‌झच्या आसपास असते. ती वेगळी, आणि पुढील उपायाने जाणार नाही.

मागची कड एकाच बाजूने तिरकी कानसून पातळ करावी, म्हणजे भोवऱ्यांची नियमित आळीपाळी मोडते. जहाजांच्या ‘गाणाऱ्या’ पंख्यांवर हाच इलाज करतात. सर्व पाती सारखीच कानसावीत, नाहीतर तोल जाऊन बेअरिंग खराब होईल. वेग एक दशांशाने घटवला तरी या आवाजाची शक्ती चाळीस टक्क्यांहून अधिक कमी होते, कारण ती वेगाच्या साधारण पाचव्या ते सहाव्या घाताने वाढते. पण हवाही तेवढी कमी ओढली जाईल, आणि सोलापूरच्या मे महिन्यात कामगारांना ते परवडणार नाही. म्हणून आधी कानसच हाती घ्यावी.