मला दोन पानं, साहेबांना एक ओळ

प्रश्न : काकू, केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मला बावीस वर्षं झाली. मागच्या महिन्यात प्रमोशनची ऑर्डर निघाली. माझ्यानंतर चार वर्षांनी लागलेली, जिला मीच काम शिकवलं, तिचं नाव आलं, माझं नाही. ती बहादुराकडचे लाडू घेऊन टेबलाशी आली, तर मी 'उपास आहे' म्हटलं. तेव्हापासून तिच्याशी बोलणं बंद आहे. सुटल्यावर महाराज बाड्यापर्यंत चालत जाते, म्हणजे रडणं वाटेतच आटोपतं.

सासूबाई अंथरुणावर होत्या त्या वर्षीही मी एकशे चाळीस पेन्शन प्रकरणं निकाली काढली. परवा त्या वर्षीचा एपीएआर, म्हणजे साहेब गुण देतात तो कामाचा वार्षिक अहवाल, उघडला तर दहापैकी ५.८ गुण. तेव्हा न वाचताच स्वीकारला होता. त्यातल्या स्वतःच्या कामाच्या रकान्यात दरवर्षी 'नेमून दिलेली कामे वेळेत केली' एवढंच लिहिते. आपलं कौतुक आपणच कसं लिहायचं?
– एक वाचक, लश्कर, ग्वाल्हेर

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला 'तू'च म्हणते. मीही अशाच एका कार्यालयात तेहतीस वर्षं काढली आणि एकदा मलाही वगळलं होतं. त्या रात्री मी स्वयंपाकही केला नाही.

आमच्या वेळी सी.आर., म्हणजे या अहवालाचं जुनं रूप, खरोखरच गोपनीय असे. वाईट शेरा तेवढा कळवत, 'चांगला' हा शेरा कळवत नसत, आणि तोच प्रमोशनच्या आड यायचा. सीमा रस्ते सेवेतल्या देव दत्त या कार्यकारी अभियंत्यांचं असंच झालं. १९९३-९४ चा शेरा 'चांगला' होता, पुढच्या पदाला 'फार चांगला' लागत होता. मे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे. तोवर ते निवृत्त झाले होते. दुसऱ्या वर्षी सरकारने पूर्ण अहवाल दाखवायचा आणि हरकतीला पंधरा दिवस द्यायचे, असा आदेश काढला. तू न वाचता घालवलेस ते हे पंधरा दिवस. त्या वर्षाचे आता गेले, पण यापुढे एकही अहवाल न वाचता स्वीकारू नकोस. ४ ते ६ च्या आतले गुण म्हणजे 'चांगला', ६ पासून 'फार चांगला'. तुझं ५.८ बघ कुठे अडकलं.

त्या मुलीविषयी एक सांगते. सिलेक्शनच्या, म्हणजे निवडीने भरायच्या पदांना २००२ पासून प्रमोशनची समिती दोघींची तुलना करून एकीला वर काढत नाही. बेंचमार्क, म्हणजे त्या पदाला लागणारा किमान शेरा, गाठला की 'योग्य', नाही गाठला की 'अयोग्य', एवढंच ठरतं. तिने तुझी जागा घेतली नाही. बैठकीच्या इतिवृत्तातला तुझ्याविषयीचा भाग माहिती अधिकारात माग. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. नेमकं काय कमी पडलं ते कळल्याशिवाय कुणावरही राग धरू नकोस.

पण मला सगळ्यात लागलं ते त्या रकान्याचं. मला दोन पानं लिहिलीस. एकशे चाळीस प्रकरणं, सासूबाईंचं आजारपण, नव्या मुलीला शिकवणं, सगळं त्यात आहे. आणि ज्यांनी गुण द्यायचे त्यांना एक ओळ. आपल्या घरांतून मुलींना शिकवतात की स्वतःचं स्वतः बोलू नये. मीही तेच शिकले आणि तेच करत राहिले. पण किती प्रकरणं आली, किती निघाली, किती वर्षांची जुनी होती, हे लिहिणं म्हणजे कौतुक नव्हे गं. तो हिशोब आहे, आणि हिशोब तर तुझंच काम! समितीने नुसते गुण न बघता आतल्या नोंदीही पाहायच्या असतात; नोंदच नसेल तर त्यांनी काय पाहावं?

आजपासून टेबलाच्या खणात एक वही ठेव. महिना संपला की चार आकडे टिपायचे. ३१ मार्चला वर्ष संपतं, १५ एप्रिलपर्यंत तो रकाना भरून द्यायचा असतो. आणि उद्या डबा खाताना त्या मुलीशेजारी जाऊन बस. उपास होता असं खोटं सांगितलं, तेही सांगून टाक. ती तुझीच शिष्या आहे.

रकाना भरलास की साहेबांकडे देण्याआधी एक प्रत मला पाठव. मी वाचेन.