प्रेसमध्ये दोन बोटं गेली, कंपनी एक लाख देतेय: वकील करावा का?

ताई, तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो. भाऊ 30 वर्षांचा, चाकणच्या प्रेसशॉपमध्ये ठेकेदाराकडून ऑपरेटर, पगार 16,000. ऑगस्ट 2025 मध्ये पॉवर प्रेसखाली उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्याचं बिल कंपनीने भरलं. आता पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सही करा आणि एक लाख घ्या, असं म्हणतायत. वकील केला तर कंपनी बिथरेल आणि आहे तेही जाईल, ही तुमची भीती.

सही तूर्त करू नका. वकिलाचं काय ते पगारचिठ्ठी बघून ठरेल.

मी बरीच वर्षं पर्सोनेल खात्यात होतो, म्हणजे टेबलाच्या पलीकडे. तिथून एक दिसतं: कंपनी वकिलाला फारशी घाबरत नाही, तिचाही वकील असतोच. ती घाबरते तारखेला आणि कागदाला.

पगारचिठ्ठीवर ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) कपात आहे का ते बघा. कामगाराकडून 0.75 टक्के जातात, 16,000 वर साधारण 120 रुपये. कपात असेल तर मामला मालकाकडून ईएसआय महामंडळाकडे जातो आणि त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. तिथे लगेच वकिलावर पैसे घालू नका. कंपनीने अपघाताचा अहवाल, फॉर्म 12, भरलाय का ते स्थानिक ईएसआय शाखेत जाऊन विचारा. कामावर जाता येत नाही त्या काळात सरासरी मजुरीच्या 90 टक्के मिळतात. जखम भरल्यावर मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात तहहयात दरमहा रक्कम सुरू होते. 20 टक्के धरले तर 16,000 च्या 90 टक्क्यांचे 20 टक्के, म्हणजे ढोबळमानाने महिन्याला 2,880 रुपये. तो पुढे दुसरीकडे पूर्ण पगारावर लागला तरी ही रक्कम बंद होत नाही. तीन वर्षांतच ती तुमच्या एक लाखाच्या पुढे जाते. बोर्डाने टक्केवारी कमी लावली तर अपील आहे, आणि वकिलाची गरज पडली तर तिथे.

कपात नसेल तरी ईएसआयचा विषय संपत नाही. दहा किंवा जास्त माणसं आणि पगार 21,000 पर्यंत असेल, तर मालकाने नोंदणी केली नाही म्हणून कामगाराचा हक्क जात नाही. महामंडळ ते पैसे मालकाकडून वसूल करतं. त्यामुळे आधी शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बरेच ठेकेदार अपघातानंतर घाईघाईने आयपी नंबर, म्हणजे ईएसआयचा विमाधारक क्रमांक, काढतात. नोंदणीची तारीख आणि रुजू होण्याची तारीख जुळते का, हे नक्की पाहा.

ईएसआय लागूच होत नसेल तर कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923. (21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, पण तुमचा अपघात आधीचा, म्हणून जुन्याच कायद्याने बोलतोय.) हिशोब घरी बसून करता येतो. मजुरी कितीही असो, धरायची जास्तीत जास्त 15,000. तिचे 60 टक्के म्हणजे 9,000. कायद्याच्या तक्त्यात तीस वर्षं वयाचा गुणक 207.98. गुणाकार 18,71,820. एका हाताची दोन बोटं गेल्यास कायद्याच्या परिशिष्टात 20 टक्के, म्हणजे 3,74,364 रुपये. दवाखान्याचा खर्च यातून कापायचा नसतो, तो वेगळा. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर दंडही. आता एक लाखाकडे परत बघा.

स्टॅम्पपेपरवर हक्क सोडला तरी कायद्यापुढे तो सुटत नाही. एकरकमी तडजोड या कायद्याखालच्या नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम तुटपुंजी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. मग सही का नको? कारण त्या कागदात पैशांच्या वाक्यापलीकडे तीन वाक्यं घुसवलेली असतात: मी स्वखुशीने राजीनामा दिला, मी स्वतः मशीनचा गार्ड (सुरक्षेचं कवच) काढला होता, मी या कंपनीचा कामगार नव्हतो. पैशाचं कलम गळून पडतं, ही तीन वाक्यं मात्र पुढे उलटतपासणीत समोर येतात. भावाच्या कागदात यातलं काही आहे का, नीट वाचा.

वकील खरोखर लागतो तो इथे. तो आमचा कामगारच नाही, असं कंपनी म्हणाली तर. ठेकेदार आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर. कायद्याने मूळ मालक, म्हणजे कंपनीही जबाबदार असते, ठेकेदाराकडून तिने मग वसूल करावं. आणि चूक तुझीच, असं म्हणाले तर. साध्या हलगर्जीने भरपाई बुडत नाही. दारू, स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडणं किंवा सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढणं, एवढंच मालकाला म्हणता येतं. प्रेसशॉपमध्ये दोन्ही हातांनी एकदम दाबायची सुरक्षेची बटणं टेप लावून अडकवणं किंवा सेन्सर बायपास करणं बहुधा सुपरवायझरच्या माहितीने चालतं, आउटपुट हवं असतं. पण ते सिद्ध करायला साक्षीदार नीट तपासणारं माणूस हवं.

चौथं कारण टक्केवारी. परिशिष्टातले 20 टक्के हा तळ समजा. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डावा हात गमावलेल्या एका सुताराचं नुकसान शंभर टक्के धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. भाऊ उजव्या हाताचा, काम अचूक पकडीचं. शंभर टक्के मिळतील असं मी म्हणत नाही, पण 20 च्या वर मागायला डॉक्टरची साक्ष आणि ती मांडणारा वकील लागतो.

यातलं काहीच नसेल तर नुसता अर्ज युनियनचा पदाधिकारीही आयुक्तांपुढे चालवू शकतो. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच आयुक्त असतात. भाऊ गावी परतला असेल तर त्याच्या राहत्या जिल्ह्यातही अर्ज चालतो, चाकणला खेपा घालायची गरज नाही. मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे ऑगस्ट 2027. शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

फी. औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून; 15100 वर फोनही करता येतो. मिळणारा वकील कसा निघेल हे थोडं नशिबावर, खरं आहे. खासगी केलात तर फी लेखी ठरवा. निकालातले इतके टक्के माझे, असा करार करायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांची बंदी आहे, तरी दवाखान्याच्या दारात उभे असलेले मध्यस्थ पहिलं तेच बोलतात. वकीलपत्रावर सही ठीक, कोऱ्या कागदावर नको, आणि रक्कम भावाच्याच खात्यात येईल हे बघा.

या आठवड्यात मात्र दवाखान्याच्या केसपेपरची नक्कल काढा. 'घरी पडून इजा' असं लिहून घेण्याचे प्रकार मी पाहिलेत; तसं असेल तर उत्तर बदलतं, लगेच वकील गाठा. सुपरवायझरचे त्या दिवशीचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, गेटपास, बँकेत पगार जमा झाल्याची नोंद जपून ठेवा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे कंपनीने अपघात कळवलाय का, तेही विचारा.

पगारचिठ्ठीवर कपात दिसते का आणि केसपेपरवर काय लिहिलंय, एवढं कळवा. पुढचं त्यावर सांगतो.