पाण्याखालून : सहा, सहा, सहा, झाले आठ!

प्रश्न : काका, फेब्रुवारीत अंदमानला स्कूबाचा ॲडव्हान्स्ड कोर्स केला. त्यातली खोल डाइव्ह 30 मीटरची होती. बोटीवर इन्स्ट्रक्टरने एक स्लेट दिली. तिच्यावर 1 ते 25 आकडे कसेही विखुरलेले, ते क्रमाने बोटाने दाखवायचे. वर मला 31 सेकंद लागले. खाली त्याने तीच स्लेट पुढे धरली, तेव्हा वाटलं की या खेपेला आधीपेक्षा लवकर आटोपलं. वर आल्यावर कळलं, 52 सेकंद घेतले होते आणि 17 हा आकडा मी दाखवलाच नव्हता. माझा बडी, म्हणजे डाइव्हमधला जोडीदार, म्हणतो, ‘तू घाबरला होतास.’ पण मला तर छान वाटत होतं. मग झालं काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : छान वाटत होतं, तिथेच गोम आहे. तुला नायट्रोजन नार्कोसिस, म्हणजे नायट्रोजनची नशा, झाला होता. आम्ही आपलं ‘नार्क झाला’ म्हणतो.

हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो. जमिनीवर तो फुप्फुसात येतो आणि जातो, कोणाला पत्ता लागत नाही. पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे 30 मीटरवर तो वरच्या चौपट. टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारा रेग्युलेटर त्याच दाबाची हवा देतो, त्यामुळे प्रत्येक श्वासातला नायट्रोजनही चौपट. हा वायू चरबीत सहज विरघळतो आणि चेतापेशींच्या आवरणात चरबीच असते. तिथे तो शिरला की निरोप इकडून तिकडे पोचायला उशीर होऊ लागतो. भुलीच्या वायूंशी याचं जवळचं नातं आहे, नेमकी यंत्रणा मात्र शास्त्रज्ञांना अजून पुरती उलगडलेली नाही.

बडीला फार बोल लावू नकोस. एके काळी डॉक्टरांनाही वाटायचं, की खोल पाण्यात माणूस बरळतो तो भीतीने किंवा मनाच्या कमकुवतपणाने. 1935 साली अमेरिकन नौदलातल्या अल्बर्ट बेन्के यांनी पहिल्यांदा नायट्रोजनकडे बोट दाखवलं.

आता माझी गोष्ट. तीसेक वर्षांपूर्वी मी तेलाच्या कामावर एका बार्जवर डायव्हर होतो. 46 मीटरवर पाइपाचा एक क्लॅम्प, त्याचे आठ बोल्ट आवळायचे. डोक्यावर हेल्मेट, वरून हवेची नळी आणि तिच्यासोबत टेलिफोनची वायर. काम सोपं, आदल्या आठवड्यात दोनदा केलेलं. खाली प्रवाह होता, त्यामुळे एका हाताने पाइप धरून दुसऱ्याने पान्हा चालवायचा. धाप लागली होती. धाप लागली की कार्बन डायऑक्साइड साचतो आणि नार्कोसिस दुप्पट जोमाने चढतो, हे मला पुस्तकातून पाठ होतं. त्या वेळी ते आठवलं नाही, एवढंच.

काम झाल्याचं मी वर कळवलं. सुपरवायझर म्हणाला, ‘परत मोज.’ मला राग आला. ‘मोजले की रे!’ तो शांतपणे म्हणाला, ‘पान्हा अडकव आणि वर ये.’ वर येताना पहिल्याच थांब्यावर डोकं लख्ख झालं आणि मनात आलं, हा माणूस उगाच संशय घेतो. कुणकेश्वराची शपथ घेऊन सांगितलं असतं, की आठही बोल्ट आवळले आहेत. पुढच्या डायव्हरला त्यातले दोन हाताने फिरणारे सापडले.

संध्याकाळी सुपरवायझरने मला टेप ऐकवली. आधी माझे श्वास, मग आमच्या गावच्या भजनाची चाल, बऱ्यापैकी सुरात. मी गुणगुणत होतो याचा मला आजही काही आठव नाही. त्यानंतर माझाच आवाज, अगदी ठाम : ‘पाच, सहा, सहा, सहा, झाले आठ.’

तुझा 17 आणि माझा सातवा बोल्ट एकाच ठिकाणी हरवले, बाबा. खाली बिघडतं ते डोकं, आणि बिघडलंय की नाही हे तपासायलाही आपल्यापाशी तेच एक डोकं. म्हणून ‘मला काही झालं तर कळेल’ या भरवशावर कोणी उतरू नये. 1947 साली फ्रान्सच्या तुलाँजवळ मोरिस फार्ग नावाचा नौदलाचा अनुभवी पाणबुड्या साध्या हवेवर किती खोल जाता येतं ते पाहायला उतरला. दोरीला ठरावीक अंतरावर पाट्या बांधल्या होत्या, पोचल्याची खूण म्हणून प्रत्येकीवर सही करायची. 120 मीटरवरच्या पाटीवर त्याची सही सापडली. त्याला दोरीने वर ओढलं तेव्हा श्वासाची नळी तोंडातून सुटलेली होती. तो वाचला नाही. सही करण्याइतका हात चालत होता, हे मला नेहमी जास्त भयंकर वाटतं.

तू करायचं ते सोपं आहे. किती खोल जायचं आणि किती हवा उरली की परतायचं, हे बोटीवर कोरड्या डोक्याने ठरव आणि खाली त्यावर वाद घालू नकोस. सावकाश उतर. गेज वाचून बडीला बोटांनी आकडा दाखव, त्याने आपला दाखवायचा. कोणी उशिरा उत्तर दिलं, उगाच हसलं किंवा एकाच माशाकडे बघत बसलं, तर दोघांनी मिळून पाच-दहा मीटर वर यायचं. एक-दोन मिनिटांत धुकं विरतं आणि मागे दुखणं ठेवत नाही. सांधे दुखणं, अंगाला मुंग्या येणं हा प्रकार वेगळा. तो वर आल्यावर त्रास देतो आणि त्याला डॉक्टर लागतो.

प्रश्न : ‘दर 10 मीटरला एक पेग’ असा हिशोब ऐकला. मला चार पेग आरामात पचतात, मग 40 मीटरला काय अडचण? आणि टाकीत नायट्रॉक्स, म्हणजे जादा ऑक्सिजनची हवा, भरून घेतलं तर?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पेगचा हिशोब बोटीवर गप्पा मारायला ठीक. तोच माणूस सोमवारी 40 मीटरवर बरा असतो आणि गुरुवारी 30 वर गडबडतो. थंडी, थकवा, आदल्या रात्रीची दारू, सगळं त्यात भर घालतं. सवयीने फरक पडतो तो एवढाच, की आपण ठीक आहोत असं वाटायला लागतं. मोजायला बसलं की चुका दिसतातच. ‘मला चढत नाही’ म्हणणारा पाहुणा लग्नात आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

नायट्रॉक्समध्ये नायट्रोजन कमी असतो हे खरं, पण त्या जागी येणारा ऑक्सिजनही नशा आणतो असंच मानलं जातं. शिवाय दाबाखाली जास्त ऑक्सिजन विषारी ठरतो, म्हणून 32 टक्के ऑक्सिजनचं मिश्रण साधारण 33 मीटरपर्यंतच वापरतात. तुमचे 40 तिथेच संपले. डोकं ताळ्यावर ठेवायचं तर हेलियम मिसळावा लागतो. तो महाग, त्याचं शिक्षण वेगळं, आणि बोलायला लागलं की आवाज कार्टूनसारखा. तेलाच्या कामातही हवेवर साधारण 50 मीटरच्या खाली पाठवत नाहीत.

प्रश्न : दिवाळीत तारकर्लीला मुलीला स्कूबा करू द्यावं का? वरचं सगळं ऐकून धास्ती वाटते.
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, तिथे पर्यटकांना नेतात ते पाणी काही मीटरचंच. नार्कोसिसचा तिथे संबंध नाही. तिला सर्दी असेल तर मात्र पाठवू नका, कान दुखतील. आणि सकाळी फराळाचं ताट पुढे करू नका. लाडू-चकली बोटीवरच बाहेर येते, पाण्यात उतरायच्या आधी.