काँगचे केस का थरथरतात?

प्रश्न : १९३३चा ‘किंग काँग’ परवा मोठ्या टीव्हीवर पुन्हा पाहिला. काँगच्या अंगावरचे केस सारखे वळवळत होते आणि माणसं बसकी, रुंद दिसत होती. प्रत खराब आहे का? सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर दाखवायचा विचार आहे. पडदा ८ फूट बाय साडेचार फूट.
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : केस वळवळतात ते बोटांमुळे. हा अजस्र वानर म्हणजे जेमतेम दीड फुटाची बाहुली. आत सांध्यांचा धातूचा सांगाडा, वर रबर, त्यावर सशाची फर. चित्रपटातली ट्रिक-दृश्यं करणारे विलिस ओब्रायन ती तसूभर हलवायचे, एक फ्रेम टिपायचे, पुन्हा हलवायचे. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला १४४०. दर वेळी जिथं हात लागे तिथली फर दबायची, पुढच्या फ्रेमला दुसरीकडे वळायची. डायनोसॉरशी झुंज चालू असताना रिमोटने थांबवत थांबवत खांद्याकडे पाहा. बोटं कुठं लागली ते जवळजवळ मोजता येतं.

म्हणून टीव्हीतली हालचाल ‘गुळगुळीत’ करणारी सोय आधी बंद करा. ती दोन फ्रेमच्या मधे स्वतःची फ्रेम घुसडते आणि काँग तेलावर घसरल्यासारखा चालतो. शार्पनेस कमी ठेवा, नाहीतर फिल्मचे कण मुंग्यांसारखे उठतात. रंग शून्यावर.

माणसं रुंद दिसतात, कारण चित्र ताणलं गेलंय. चित्रपटाची चौकट १.३७ : १, टीव्हीची १.७८ : १. ताणलंत तर चेहरे तीस टक्के रुंद होतात. झूम केलंत तर उंचीतला जवळपास पाव भाग जातो, त्यात काँगचं डोकंही. तुमच्या पडद्यावर चित्र साडेचार फूट उंच आणि सुमारे ६ फूट २ इंच रुंद यायला हवं, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा इंच काळं. तिथं काळं कापड लावलंत तर उत्तम. हॉलच्या खिडक्याही झाका. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, पडद्यावर जेवढा अंधार तेवढाच काळा.

काँग पाऊण तासाच्या सुमारास येतो, तोवर पोरं चुळबुळणार. विष्णुदास भाव्यांच्या गावात राक्षसाची एन्ट्री कशी व्हावी हे सांगायला नको, पण इथं ती लांबवलीय हे आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : माझी डीव्हीडी ९६ मिनिटांची आहे, मूळ चित्रपट १०० मिनिटांचा. कापलेली प्रत मिळाली का?
– एक वाचक, वाई

उत्तर : तेवढ्यावरून ठरवू नका. आपल्याकडच्या डीव्हीडी ज्या टीव्ही-पद्धतीत निघतात, त्या ‘पाल’मध्ये सेकंदाला २५ फ्रेम धावतात, त्यामुळे १०० मिनिटं ९६ मिनिटांत संपतात. १९३८ला पुन्हा प्रदर्शित करताना काही प्रसंग खरंच कापले होते; ते पुढे परत जोडले गेले. काँग बेटावरच्या माणसाला दातांखाली चावतो तो प्रसंग शोधा. तो असेल तर डीव्हीडी ठेवून द्या.