कोल्हापूरजवळ गाडी नसताना रविवारी चालत फिरण्यासारख्या डोंगरवाटा आणि बागा कोणत्या?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी कोल्हापुरात नवीन आलाय, गाडी नाही, रविवार तेवढा मोकळा असतो आणि कधीमधी साठीतली आई सोबत असते. म्हणजे गडांची यादी तुमच्या काही कामाची नाही. एसटीनं जाऊन दिवेलागणीच्या आत घरी परतता येईल अशा वाटा तुम्हाला हव्यात.

आधी माझं ठाम मत सांगते. कोल्हापूरकर पन्हाळ्याला जातो, जोतिबाला जातो, मसाईलाही जातो, पण गाडीवर बसून थेट वर. वर झुणका-भाकरी खायची, फोटो काढायचे, खाली यायचं. मधला डोंगर त्यानं पाहिलेलाच नसतो. तुमच्याकडे गाडी नाही हे बरंच आहे. जागा त्याच निवडा, फक्त पायथ्याला उतरा.

सुरुवात जोतिबापासून करा. शहरापासून साधारण 18 किलोमीटर. केर्लीजवळ हमरस्ता सोडून एसटी डोंगराकडे वळते. वरपर्यंत तिकीट न काढता कुशिऱ्याच्या बाजूला उतरायचं आणि गायमुखाकडून पायी चढायचं. रविवार जोतिबाचा वार, त्यामुळे पायी जाणारे भाविक हमखास भेटतात आणि चुकायची भीती राहत नाही. अनवाणी, चपला हातात घेऊन चढणाऱ्या आज्या तुम्हाला मागं टाकून जातील, मनावर घेऊ नका. याच डोंगराच्या कुशीत पोहाळ्याची बौद्ध लेणी आहेत. जोतिबाला वर्षानुवर्षं जाणाऱ्या कित्येकांनी ती बघितलेली नाहीत, कारण ती गाडीरस्त्यावरून दिसत नाहीत. वर पोचल्यावर 1730 च्या सुमाराला राणोजी शिंद्यांनी बांधलेलं देऊळ आहे, सगळं गुलालानं माखलेलं. आईंना चढण झेपणार नसेल तर त्यांना एसटीनं वर येऊ दे आणि तुम्ही पायी या, गाठ देवळात घाला. फक्त चैत्र यात्रेचे दिवस टाळा. त्या गर्दीत जायचं तर देवासाठी जायचं, चालण्यासाठी नाही.

पाय सरावले की जोतिबावरून परत कोल्हापूरला न येता दानेवाडी, गिरोलीच्या अंगानं वाघबीळकडे उतरा. बराचसा रस्ता डांबरी आहे, पण सकाळी वाहनं तुरळक असतात, आणि एका बाजूला पन्हाळा, दुसऱ्या बाजूला मागं राहिलेला जोतिबा असा डोंगर बघत चालता येतं. वाघबीळला हमरस्ता लागतो, तिथून कोल्हापूरची एसटी मिळते.

पन्हाळ्याबद्दल सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात. बुधवार पेठेत उतरून चालत वर जा आणि गडावर आतल्या रस्त्यापेक्षा तटाच्या कडेकडेनं फिरा. तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी, अंबारखाना हे सगळं ओघानं येतंच. 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या ज्या 12 किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला त्यात पन्हाळा आहे, त्यामुळे रविवारी दुपारी पार्किंगचा गोंधळ विचारू नका. सकाळी नऊच्या आत वर असाल तर गड तुमचाच. भर पावसात मात्र रस्त्याची खबर घेऊन निघा. 2021 च्या जुलैत गडावर जाणारा रस्ताच खचला होता.

आता माझ्या आवडीची जागा, मसाई पठार. पन्हाळ्यावरून तुरुकवाडी, म्हाळुंगे करत पायी दोन-अडीच तास धरा. ही पावनखिंडीच्या वाटेची सुरुवात. 1660 च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले ती वाट इथूनच जाते. दर पावसाळ्यात शेकडो लोक दोन दिवसांत ती पुरी चालतात. पहिल्याच वर्षी तुम्ही त्या फंदात पडू नका. गुडघाभर चिखल, ओढे आणि पन्नासेक किलोमीटर असा तो प्रकार आहे. मसाईपर्यंत जाऊन परत फिरलात तरी दिवस भरून जातो.

पठार म्हणजे मैलोन्मैल सपाट जांभा. वर मातीचा थर बोटभर, पाणी मुरायला जागा नाही, त्यामुळे पावसाळ्यात सगळीकडे पातळ पाण्याचा पापुद्रा असतो. असल्या निकस जमिनीत नत्र कमी, म्हणून किडे धरून खाणारी रोपटी इथं उगवतात. सीतेची आसवं हे निळं-जांभळं इवलंसं फूल त्यातलंच. त्याच्या जोडीला तेरडा, सोनकी, गेंद. ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर हा बहर असतो. फुलं बघायला साताऱ्याजवळच्या कास पठारावर जाऊन रांगेत उभं राहणाऱ्यांना मी दरवर्षी हेच सांगते, पण ऐकतंय कोण! पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे, तरी लोक फुलांवरून गाड्या घालतात. तुम्ही पायवाटेवरच चाला, फुलात बसून फोटो नको. आणि धुकं उतरलं की थांबा. सपाटीवर ओळखीची खूण नसते, दहा पावलांवर सोबतचं माणूस दिसेनासं होतं. मसाई देवीच्या देवळापाशी थांबून धुकं हटायची वाट बघणं उत्तम.

या सगळ्या पट्ट्यात गवे आहेत, बिबट्याही आहे. 2021 च्या डिसेंबरात तर गवा थेट शहराच्या वेशीपर्यंत आला होता. गवा दिसला तर मोबाईल काढून जवळ जायचं नाही, ओरडायचं नाही, त्याची निघायची वाट अडवायची नाही. एकटा असेल तर जास्तच लांब राहा. अंधार पडायच्या आत रस्त्याला लागा, हा नियम मी कुणासाठी मोडत नाही.

लांब जायचा कंटाळा येईल अशा रविवारी शहरातच बघा. रंकाळा तलावावर सकाळी सहाच्या आत पोचा, शालिनी पॅलेसच्या बाजूनं फेरी धरा. पाणी उतरलं असेल तर तलावातला दगडी संध्यामठ उघडा पडलेला दिसतो. संध्याकाळी तिथं चालणं होत नाही, भेळ होते. शिवाजी विद्यापीठाचा परिसर 853 एकरांचा, झाडी दाट, मोर सर्रास. आत सोडण्याच्या वेळा बदलतात, गेटवर विचारून घ्या. आईंसाठी सगळ्यात सोयीचं हेच, कारण सपाट रस्ता आणि दमलं की बसायला सावली. महावीर उद्यान, हुतात्मा पार्क ठीक आहेत, घराजवळ असतील तर जा, मुद्दाम रिक्षा करून जाण्यासारखं काही नाही. कळंब्याचा तलाव आणि त्याच्या पुढं कात्यायनीचा डोंगर मात्र अर्ध्या दिवसाचा छान बेत होतो. कात्यायनीकडे आडवाटेला एकट्यानं जाऊ नका, कुणीतरी सोबत घ्या.

दाजीपूरचं नाव तुम्हाला ऑफिसात दहा जण सुचवतील. दाजीपूर ज्यात येतं ते राधानगरी अभयारण्य सुंदर आहे, 1958 पासून गव्यांसाठी राखलेलं आहे, पण ते चालत भटकायचं ठिकाण नव्हे. आत वाहन आणि वाटाड्या लागतो, पावसाळ्यात जंगल बंद असतं. चार जण जमले की हिवाळ्यात गाडी ठरवून जा.

सामानात पाणी दोन लिटर धरा, वाटेवर दुकान असेलच असं नाही. पावसाळ्यात छत्रीपेक्षा इरलं किंवा रेनकोट बरा, पठारावर वारा छत्री उलटी करतो. आणि चढायला लागायच्या आधी परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ कंडक्टरलाच विचारून ठेवा.