तारेतले दोन शब्द

प्रिय जोएल,

काल विमान रद्द झाल्याचा मेसेज आला तेव्हा तू दारातच मला एक प्रश्न विचारलास आणि मी "आधी बूट काढ, बर्फ आत येतोय" म्हणून विषय उडवून लावला. तू म्हणालास, "आजी दर वेळी फोनवर ‘प्रभूची इच्छा असली तर या’ असं का म्हणते? तिचा देवावर भरवसा आहे, की आपल्यावर नाही?"

झोंबलं. का झोंबलं ते शेवटी सांगते. आधी कांजिण्या.

1988 सालची गोष्ट. मी दहा वर्षांची, सॅमीमामा सहा. आम्ही पुण्यात गुरुवार पेठेत, पंचहौद चर्चच्या मागच्या वाड्यात राहायचो. देवालयाच्या घंटा वाजल्या की घरातली भांडी हलतात असं मामा शपथेवर सांगायचा. नाताळ मात्र नगरला, माझ्या आजी-आजोबांकडे. दर वर्षी 24 तारखेला शिवाजीनगरहून एसटी, शिरूरला चहा, आणि नगरच्या स्टँडवर कोटटोपीतले आजोबा. महिनाभर आधी पप्पा त्यांना पत्र लिहायचे. त्यात ते वाक्य असायचंच, "प्रभूची इच्छा असली तर 24 ला निघतो." याकोबाच्या पत्रातलं आहे ते, तुला संडेस्कूलमध्ये सांगितलं असेल. मला तेव्हा ते पत्रावर तिकीट लावतात तसं वाटायचं. लावल्याशिवाय पत्र जात नाही, एवढंच.

त्या वर्षी नाताळ रविवारी आला होता. शुक्रवारी मी आणि तुझी आजी केकचं पातेलं घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांगेत होतो. पातेल्यावर आडनावाची चिठ्ठी, आत अंडी, लोणी, मैदा, आणि वरून आजीचा पदर, धूळ बसू नये म्हणून. (तो वास मी इथल्या ओव्हनमध्ये किती वर्षं शोधते आहे. नाही सापडत.) घरी आलो तर मामा तापाने फणफणलेला आणि पोटावर पाण्याने भरलेले फोड. समोरच्या काकू बघताक्षणी म्हणाल्या, "देवी आल्यात, अंगाला काही लावू नका," आणि कडुलिंबाचा पाला आणून दिला. आजीने पाला घेतला आणि देवी तेवढ्या घेतल्या नाहीत. मी विचारलं, मग पाठवल्या कोणी, त्यांच्या देवीने की आपल्या देवाने? आजीने मला शंकरपाळी तळायला बसवलं. बघ, उत्तर टाळायची घराण्याची पद्धत जुनी आहे.

फोन कोणाकडेच नव्हता. आजोबा स्टँडवर वाट बघत बसतील म्हणून पप्पा रात्रीच तार करायला निघाले. तारेला शब्दांवर पैसे. स्वयंपाकघरात बसून बोटांवर मजकूर ठरला, "सॅमी चिकनपॉक्स नॉट कमिंग गॉड्स विल." आजी म्हणाली, शेवटचे दोन काढा, उगाच पैसे. पप्पा म्हणाले, "ते राहू देत. बाकीचे काढले तरी चालतील."

तार दुसऱ्या दिवशी पोचली, पण आजोबा स्टँडवर निघून गेल्यावर. घरी आजी एकटी. तुझी पणजी ती, मराठी बायबल रोज वाचायची, इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. आणि त्या काळी तारवाला दारात आला की माणसं आधी रडायची, मग वाचून घ्यायची. शेजारचा आठवीतला मुलगा बोलावला. त्याला चिकनपॉक्स काही लागेना, त्याने आपल्याला येत होतं ते वाचलं: सॅमी, नॉट कमिंग, गॉड्स विल. देवाची इच्छा! पुढे काय झालं असेल ते तुला कळलंच.

तोच पोरगा स्टँडवर धावला. आजोबांनी पुढची पुण्याची गाडी धरली, जसे होते तसे, हातात पिशवीसुद्धा नाही. रात्री साडेदहाला वाड्याचं दार वाजलं. मामा पांघरुणात बसून शंकरपाळी खात होता. आजोबांनी त्याच्याकडे बघितलं, पप्पांकडे बघितलं आणि पप्पांच्या मुस्काटात एक ठेवून दिली. पस्तिशीच्या माणसाला, आमच्यादेखत! मग खाली बसून ढसाढसा रडले, आणि मग चहा मागितला. मिशन शाळेचे निवृत्त मास्तर, मंडळीत मान, "प्रभूची इच्छा" हे ज्यांच्याकडून पप्पा शिकले तेच हे. "ते तारेने कळवायचं नसतं, गाढवा," एवढंच म्हणाले.

पणजी तिकडे एकटीच सुतकात. म्हणून पहाटेच्या गाडीने पप्पा नगरला गेले. म्हणजे त्या नाताळाला आजोबा पुण्यात, पप्पा नगरात, केक अर्धा कापलेला, आणि आम्हाला देवळात जायला बंदी. घंटा मात्र ऐकल्या. आजोबांनी घरीच उपासना घेतली. गाणं चढ्या सुरात लावलं आणि मध्येच विसरले. नगरला न्यायचा फराळ आजीने वाड्यात वाटला. ज्या पंचहौद मिशनात 1890 साली चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांना प्रायश्चित्तापर्यंत जावं लागलं, त्याच्याच मागे आमच्या करंज्या चार घरांत गेल्या आणि डबे रिकामे आले नाहीत. एकात तिळाची वडी होती. तो नाताळ छान झाला असं मी म्हणणार नाही. मला नगरला जायचं होतं.

देव कांजिण्या पाठवतो का, टोरंटोत बर्फ पाडून विमान अडवतो का, मला माहीत नाही. पप्पांना माहीत होतं असं वाटायचं, पण थोबाडीत खाल्ल्यावर गालाला हात लावून उभे होते तेव्हाचा त्यांचा चेहरा मला आठवतो.

आता झोंबल्याचं. गेल्या दोन नाताळांना आपण गेलो नाही ते बर्फामुळे नाही. एकदा माझी रजा मी वाचवली, एकदा तिकीट महाग वाटलं. दोन्ही वेळा मी आजीला फोनवर म्हटलं, "काय करणार, प्रभूची इच्छा." फुकटात म्हटलं. ती "हो गं" म्हणाली. "ते दोन शब्द काढा" म्हणणारी ती, पप्पा गेल्यापासून तीच ते दर वाक्याला लावते. तेव्हा तुझा प्रश्न तिला नको विचारूस. तिचा कोणावर भरवसा नसेल तर तो माझ्यावर, आणि त्याला कारण आहे.

तूही तसं म्हणावंस असा माझा आग्रह नाही. खरंच नाही. बरं, थोडा आहे.

नवं तिकीट 2 जानेवारीचं मिळालंय. तिच्या गुडघ्याचा पट्टा बॅगेतच राहू दे. उद्या सकाळी फोन तू कर, आणि मुंबईहून टॅक्सी किती वाजता निघेल ते नीट सांग, दोनदा सांग. नाहीतर ती पहाटेपासून गॅलरीत उभी राहते.

तुझी,
मम्मी